आमची वाटचाल : 2019 चा पावसाळा

2008 साली पुण्यात मी आणि मामा, दोघांनीच लॉन सांभाळायच्या कामाला सुरुवात केली. मामा सख्खे नव्हेत. उरुळी कांचनला एका नर्सरीत लॉनच्या लाद्या, म्हणजे मातीसकट गवताचे चौकोन, काढायचे. भांडवल म्हणजे हाताने ढकलायचं गवत कापायचं एक मशीन, पाठीवरचा 16 लिटरचा पंप, दोन खुरपी आणि माझी एम-80. पुढची दहा वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते 2019 चं. गणपतीच्या तोंडावर कोथरूडच्या एका सोसायटीचं काम आमच्या हातून गेलं. नव्या पार्टीची, म्हणजे नव्या ठेकेदाराची, पोरं गणवेशात, गाडीवर मोठं नाव, दर आमच्या निम्मा. आल्या आल्या त्यांनी मुठीमुठीनं युरिया फेकला. आठ दिवसांत लॉन पोपटी! सेक्रेटरीसाहेबांनी मला मुद्दाम फोटो पाठवला. अजून आहे माझ्या फोनमध्ये.

भर पावसात युरियातलं नत्र दिलं की गवताचं पातं लुसलुशीत होतं आणि बुरशीला तेच हवं असतं. त्यात त्या वर्षी पाऊस हटेचना. 25 सप्टेंबरला आंबिल ओढ्याला पूर आला, त्यानंतर ऑक्टोबरभर ओलच. त्या सोसायटीत ताटाएवढे तपकिरी गोल पडले. पार्टीनं सांगून टाकलं, ‘आधीच्या माळ्याच्या मशीनमधून रोग आला.’ आमचं मशीन ऑगस्टनंतर तिथं गेलंच नव्हतं, पण ऐकतो कोण. अकरा कामांची चार राहिली. मामांचा पगार मी दोन महिने उसनवारीनं भागवला.

आता खरं तेही सांगतो. रोग आमच्याही लॉनांत होता. सहकारनगरच्या काकूंकडे पहाटे गेलो, तर मेक्सिकन जातीच्या लॉनवर दवात कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा तंतू पसरलेला. ऊन चढल्यावर तो दिसतसुद्धा नाही. मामांनी काही न बोलता मशीन आडवं केलं. पात्याखाली ओल्या गवताचा बोटभर थर थापलेला. तेच मशीन आम्ही या बंगल्यातून त्या बंगल्यात फिरवत होतो. मशीनचं पातंही बोथट, म्हणजे गवत कापलं न जाता फाटत होतं. फाटलेलं टोक म्हणजे बुरशीला उघडं दार.

काकू म्हणाल्या, “तीन महिन्यांचे पैसे आधी घे. लॉन गेलं तर गेलं, पण मामांनाच पाठव.” मग मामांनी आंब्याची खालची फांदी काढली, ऊन येऊ दिलं. मेक्सिकनखाली साचलेला वाळका थर पंजाने ओढून काढला, काट्याने भोकं पाडून वाळू भरली. मग बुरशीनाशकं: कार्बेन्डाझिम लिटरला 1 ग्रॅम, नंतर मॅन्कोझेब. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, पंधरा दिवस थांबून. बुरशीनाशकाबरोबर टाकलं तर तेच आधी मरतं. जानेवारीपर्यंत गोल भरून आले.

विचारलं नाहीत तरी सांगतो. संध्याकाळी पाणी देऊ नका, रात्रभर पातं ओलं राहतं; सकाळी द्या. लॉन तपकिरी झालं की आधी मूठभर गवत धरून ओढा. सतरंजीसारखं सुटून आलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी; मुळं घट्ट असतील तर बुरशी असू शकते. वाळवीचं औषध ओतून बुरशी जात नाही, आणि बावीस्टिनही (म्हणजे कार्बेन्डाझिमच) सगळ्या बुरशींवर चालत नाही. पावसाळ्यात फार खाली कापू नका. आणि माळी दुसऱ्या घरून मशीन घेऊन आला तर गेटवरच धुवायला लावा. राग आला तर येऊ द्या. आमच्या गाडीत तेव्हापासून बादली आणि तारेचा ब्रश असतो.

मामा आता फक्त काकूंकडे जातात. नव्या पोरांनी धार लावलेलं पातं अजून कागद कापून तपासतात.

त्या सोसायटीनं गेल्या वर्षी सगळं लॉन उपटून प्लास्टिकची हिरवळ घातली. रोगाची कटकट नको म्हणे. परवा तिकडून जाताना कुंपणातून पाहिलं, कोपऱ्यात शेवाळ धरलंय.