उलटी थांबली होती, कोय तिथंच होती

खानापूरकडचा लॅब्रॅडोर, दोन वर्षांचा, २६ किलो. "परवा उलटी बंद झालती बघा डॉक्टर, आज परत चालू झालीय," मालक म्हणाले. हातात आधीच्या दवाखान्याची चिठ्ठी: इंजेक्शन दिलं, उलटी बंद. औषधाचं नाव नाही, वजन नाही. आमच्या भागातल्या निम्म्या चिठ्ठ्या अशाच.

उलटीचा रंग मी नंतर विचारतो. आधी हे, की ओकताना पोट आवळून उबळ येते, का मान खाली घातली की खाल्लेलं तसंच घसरून बाहेर येतं? घसरत असेल तर दुखणं अन्ननलिकेत, तपासणीची दिशाच वेगळी. इथं उबळ होती, पिवळं पाणी पडत होतं, तीन दिवस शी नव्हती. आणि महिना मे. हिरड्या चिकट, चिमटीत धरून सोडलेली कातडी सावकाश बसणारी, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. पोटाच्या मध्यावर बोटांना कडक गाठ लागली, दाबताच कुत्रं कण्हलं.

संशय आंब्याच्या कोयीचा. एक्स-रेत कोय हाडासारखी पांढरी उठत नाही. दिसतं ते तिच्या अलीकडचं फुगलेलं आतडं. त्याची रुंदी कमरेच्या पाचव्या मणक्याच्या उंचीशी ताडायची, १.६ पटीच्या वर गेली की अडथळ्याचा संशय बळावतो.

तरी लगेच पोट उघडायचं नसतं. वजनाच्या ८ टक्के पाणी कमी म्हणजे दोन लिटरची तूट, शिवाय दिवसाची गरज १३०० मिली. वरच्या बाजूला अडलं की उलटीतून आम्ल जातं, म्हणून नॉर्मल सलाईन. त्यात पोटॅशियम मोजून, तासाला किलोमागे ०.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या (क्षार मोजायचं एकक) आत. छेद कोयीवर घ्यायचा नाही, तिच्या पलीकडच्या निरोगी आतड्यावर घ्यायचा. अडकल्या जागेची भिंत दबून नाजूक झालेली असते, टाका धरत नाही. शिवून झाल्यावर आत सलाईन सोडून गळती तपासली.

डोक्यातून जात नाही ते पहिलं इंजेक्शन. मॅरोपिटंट हे उलटीवरचं औषध असेल तर ते उबळ दाबतं, कोय हलवत नाही. मेटोक्लोप्रमाइड हे दुसरं असेल तर त्याहून वाईट, अडलेलं आतडं आणखी जोरानं आवळतं. आधीच्या दवाखान्यात फोन करून विचारलं तर उत्तर, "नेहमीचंच". उलटी नव्हती त्या दिवशीही कुत्रं जेवत नव्हतं. घरच्यांना ते दिसत होतं, पण विचारलं कुणी?

टाके सुटायचा धोका तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. ताप, परत उलटी, पोट कडक झालं तर रात्रीही आणा, असं सांगितलं. "आंबा बंद करू काय?" गर चालतो. कोय झाकणाच्या डब्यात टाका, आणि कुठंही इंजेक्शन घेतलं तर औषधाचं नाव लिहून मागा.