वही आण
“तांदूळ दोनच वाट्या आहेत, मग डाळ किती?” इडलीचं भिजत घालताना घरीच शिकणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीने आज विचारलं. प्रमाण नेहमीचं, तीन वाट्या तांदळास एक वाटी डाळ. शेजारून लगेच आलं, “थांब, वही आण, गणित मांडू.” पोरगी उठून गेली.

ते ‘वही आण’ अजून खुपतंय.

वाटीभर उडीद डाळ तीन सारख्या वाट्यांत समसमान ओतायची, त्यातल्या दोन घ्यायच्या. वाट्या एकाच मापाच्या हव्यात, नाहीतर नजर फसते. डाळ कमी पडली तर इडली दडस होते. तेही तिलाच खाताना कळू दे.

घरी शिकणाऱ्यांसाठी एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) ‘अ’ स्तराची परीक्षा तिसरीच्या तोडीची असते. वहीला भरपूर वेळ आहे.

तुमच्याकडे मापाच्या वाट्या, वजनकाटा पोरांच्या हाताला लागतील असे ठेवलेत का?