तुम्ही विचारलंत म्हणून: केबल आवळू का?

जुनी व्हॅन चालवणारे मला एकच प्रश्न हमखास विचारतात: "हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागतो, केबल थोडी आवळून टाकू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. केबलला आत्ता हात लावू नका. आधी मागच्या ड्रममधले (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यातले) शू, म्हणजे आतून ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ड्रमच्या जवळ घ्या.

शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजतो तसं शू आणि ड्रममधलं अंतर वाढत जातं. ब्रेकचं पेडल पहिल्यांदा दाबलं की खोल जातं आणि लगेच पुन्हा दाबलं की वर लागतं, ही त्याचीच खूण. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर बहुधा ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे, तो आजार वेगळा. केबल आवळून हँडब्रेक वर लागतो खरा, पण केबल ओढते तो ड्रममधला लिव्हर पूर्ण मागे बसत नाही, आणि आपोआप जुळणारे अॅडजस्टर (शू-ड्रममधलं अंतर जुळवणारे भाग) असतील तर त्यांचं काम बिघडतं. माझ्या पहिल्या व्हॅनची केबल मी तीनदा आवळली. चौथ्या वेळी आटेच संपले. ड्रम उतरवला तर अॅडजस्टरचं दातेरी चाक गंजून जाम झालेलं!

गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचा भाग स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका. केबल ढिली करा. बऱ्याच व्हॅनमध्ये ड्रममागच्या पत्र्याला रबरी बूच लावलेलं भोक असतं. बूच काढून टॉर्च मारलात की अॅडजस्टरच्या दातेरी चाकाचे दाते दिसतात. चपट्या स्क्रूड्रायव्हरने एकेक दाता सरकवा आणि दुसऱ्या हाताने गाडीचं चाक फिरवत राहा. चाक जड होत गेलं तर दिशा बरोबर आहे.

चाक अडलं की पेडल दोन-तीनदा दाबा. शू मधोमध बसतात आणि चाक बहुतेक वेळा पुन्हा मोकळं होतं. पुन्हा आवळा. पुन्हा अडलं की आता थोडे दाते मागे घ्या. इथे घाई करणारे फसतात: आपोआप जुळणाऱ्या अॅडजस्टरमध्ये एक पट्टी दात्यात अडकलेली असते. दुसऱ्या बारीक हत्याराने ती बाजूला धरल्याशिवाय दातेरी चाक उलटं फिरत नाही, आणि जोर केला तर दाते झडतात. शेवटी गाडीचं चाक हाताने फिरवताना पूर्ण फेरीभर हलकंसं, एकसारखं "सर्र" ऐकू यायला हवं. एकाच जागी घासत असेल तर ड्रम वाकडा झालाय का ते बघा. दुसऱ्या बाजूलाही हेच. त्यानंतरच केबल जुळवा.

ड्रम उघडलात तर धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरमधून (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग) तेल गळून लायनर भिजला असेल, तर सिलिंडर आणि शू बदलावेच लागतात, जुळवून भागत नाही.

मग एक चक्कर मारून या, ब्रेक शक्यतो कमी वापरा. उतरल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात न्या, ड्रमला लावू नका. एक बाजू जास्त तापलेली वाटली तर तिथे पुन्हा ठोकळे, पुन्हा स्टँड, आणि दोन दाते मागे.