मावशीचं मंगळसूत्र

आज मावशीला मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला नेलं. वय ५८. महिन्यापूर्वी अंघोळ करताना काखेजवळ गाठ हाताला लागली होती. "दुखत नाही गं, मग कशाला?" म्हणून गप्प बसली. अगं, कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही!

आत जाताना तिने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. ते मुठीत घट्ट धरून बसले होते, काळे मणी तळहातावर उमटले.

बाहेर बसून टाटा मेमोरियलचा अभ्यास आठवत होता. १९९८ पासून २० वर्षं, मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायका. त्यातल्या निम्म्याजणींची दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा तपासणी झाली. यंत्र नाही, फक्त शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांचे हात. तपासलेल्यांपैकी पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. नुसत्या हातांनी! वाचलं तेव्हा डोळे भरून आले होते.

रिपोर्ट परवा मिळेल. पोटात गोळा आहे.

परतताना रिक्षात मंगळसूत्र घालता घालता मावशीने विचारलं, "तू कधी दाखवलंस?" मी ४३ची. कधीच नाही. शुक्रवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय, मावशीच सोबत येणार आहे.