एंगेजमेंट फोटोंचा क्रॉप: सध्या कुठवर आलेय

गेले काही महिने एकाच गोष्टीच्या मागे लागलेय: जोडीचा फोटो काढताना फ्रेम किती सैल ठेवायची आणि नंतर किती कापायची. पोझेस, लाइट, रंगांचं एडिटिंग हे सगळं तूर्त बाजूला.

आधी गुणोत्तरं हातात घेतली, कारण निम्मी रडारड तिथलीच असते. माझ्या कॅमेऱ्याची फ्रेम ३:२. उभा धरला की ४०००×६००० पिक्सेल. तो फोटो ४:५ केला किंवा ८×१० इंचांच्या प्रिंटला पाठवला, की उंचीतले १००० पिक्सेल गेले, म्हणजे सहावा हिस्सा. कात्री डोक्यावर चालवायची की पायांवर, एवढंच आपण ठरवायचं. तोच फोटो स्टेटससाठी ९:१६ केला तर उंची शाबूत राहते, पण रुंदी ४००० वरून ३३७५ वर येते आणि दोघांची बाहेरची कोपरं उडतात. शेजारी शेजारी उभी असलेली दोघं एकट्या माणसापेक्षा रुंद असणारच, त्यामुळे हा मार जास्त बसतो. म्हणून आता मी आधी जोडी फ्रेममध्ये नीट बसवते आणि मग एक पाऊल मागे सरकते. वर-खाली मिळून सहावा हिस्सा आणि डावी-उजवीकडे मिळून तेवढाच मोकळा दिसला की क्लिक. एवढं मागे गेलं तर पिक्सेल वाया जातात असं बरेच जण म्हणतात. ८×१० ला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४००×३००० लागतात. आपल्याकडे कापूनही ४०००×५००० उरतात. काळजी कसली?

रूल ऑफ थर्ड्सची, म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन सारखे भाग करणारी जाळी जोड्यांसाठी मी जवळजवळ सोडून दिलीय. छेदबिंदूवर डोळा ठेवायचा तो कुणाचा? तिचा ठेवला तर तो पाहुणा वाटतो, त्याचा ठेवला तर ती. (लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप करताना ‘ओ’ दाबत राहिलं की जाळ्या बदलत जातात. बघायला मजा येते, निर्णयाला फारसा उपयोग नाही.) त्यापेक्षा दोघांच्या मधली फट बघावी. कपाळं टेकलेली असली की नाकांच्या नि हनुवट्यांच्या मध्ये एक लहानसा त्रिकोण उरतो. तो फ्रेमच्या मध्याजवळ, किंचित वर आणला की बाकीचं बरंचसं आपोआप जुळतं. दोघं हातभर अंतरावर उभी असतील तर मधली जागा बाहेरच्या दोन्ही बाजूंच्या जागेपेक्षा कमी हवी. बाहेर घट्ट आणि मध्ये ऐसपैस असा क्रॉप केला की चेहरे कितीही हसरे असले तरी नुकतंच भांडण झाल्यासारखं दिसतं.

अवयव कुठे कापायचे याचा नियम सगळ्यांना पाठ असतो: मनगट, कोपर, गुडघा, घोटा यांवर नाही, मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर चालतं. पण दोघांच्या उंचीत फरक असला की एकाच रेषेत एकाची मांडी येते आणि दुसऱ्याचा गुडघा. अशा वेळी मी बुटक्या व्यक्तीच्या हिशेबाने खालची कड ठरवते. क्लोजअपमध्ये उंच व्यक्तीचे केस वरून थोडे कापले तर चालतात, हनुवटी मात्र कुणाचीच नाही. आणि कमरेवर मागून आलेली नुसती चार बोटं! ती कुठल्याच क्रॉपने सुधारत नाहीत. हात पूर्ण पुढे घ्या किंवा पूर्ण लपवा, हे काढतानाच सांगायला हवं.

उंचीतल्या फरकाचा आणखी एक चकवा म्हणजे डोक्यांची रेषा मुळातच तिरकी असते, त्यामुळे सरळ फोटोही कललेला वाटतो. सरळ करायचा तर मागचा खांब, दार किंवा क्षितिज धरून करा.

फोकसचं गणितही क्रॉपशी बांधलेलं आहे. ८५ मिमी लेन्स, एफ/१.८ (लेन्सचं छिद्र बरंच उघडं), अंतर २ मीटर: फुल फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर, पुढून मागे स्पष्ट दिसणारं अंतर जेमतेम ६ सेंमी. एक चेहरा जरा मागे गेला की त्याचे डोळे मऊ होतात. न कापलेल्या फोटोत ते खपून जातं, क्रॉप केल्यावर मोठं होऊन समोर येतं. छिद्र लहान करून एफ/४ वर साधारण १३ सेंमी मिळतात. घट्ट क्रॉप होणार हे माहीत असेल तर मी आता सरळ एफ/४ लावते. बोकेचे, म्हणजे मागच्या धूसरपणाचे भक्त नाराज होतील, होऊ देत.

सध्या अल्बमच्या दुपानी फोटोंवर अडलेय. १२×१२ चा अल्बम उघडला की १२×२४, म्हणजे २:१. आडव्या फोटोची उंची ४००० वरून ३००० वर येते, आणि घडी बरोबर मध्यातून जाते. म्हणजे वर जिला जपा म्हटलं ती फटच घडीत जाणार. सध्याचा प्रयोग असा, की मिठीतली जोडी पूर्ण एका पानावर, दुसऱ्या पानावर नुसतं आकाश किंवा भिंत, आणि दोघांची नजर त्या मोकळ्या पानाकडे. हे अर्थात काढतानाच ठरवावं लागतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी एक फ्रेम जोडीला कडेला ठेवून काढायला लागलेय. हातात हात घेऊन लांब उभ्या असलेल्या जोडीचं काय करायचं, ते अजून जमलेलं नाही. हात नेमके घडीवर येतात.