महिना ३० हजारांत काय होतं?

"कॅम्पसमधून नोकरी लागली होती ना? मग ती सोडून ही फेलोशिप का घेतली?" कॉलेजमधले ज्युनिअर विचारतात, त्यांचे आईवडील फोन करून विचारतात, लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक तर हमखास विचारतात. आणि लगेच पुढचा प्रश्न: "महिना ३० हजारांत काय होतं?" नवा धंदा उभा करू पाहणाऱ्या पदवीधराला वर्षभर मिळणाऱ्या या सरकारी फेलोशिपबद्दल तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फेलोशिप या नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि अर्धा घोळ तिथेच होतो. अमेरिकेत अँड्र्यू यांग या उद्योजकाने २०११ साली 'व्हेंचर फॉर अमेरिका' सुरू केली. तिच्यातून नुकते पदवीधर झालेले तरुण डेट्रॉइटसारख्या शहरात दुसऱ्या कुणाच्या तरी स्टार्टअपमध्ये दोन वर्षं पगारावर काम करायचे. धंदा कसा उभा राहतो ते दुसऱ्याच्या धंद्यात राहून शिकायचं, असा तो विचार. त्याच वर्षीची, पीटर थील या गुंतवणूकदाराची थील फेलोशिप अगदी दुसऱ्या टोकाची: कॉलेजच सोडा आणि स्वतःचं काहीतरी उभं करा. मी घेतली ती आपल्याकडची. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा 'निधी' नावाचा कार्यक्रम आहे, त्यातली 'आंत्रप्रन्योर-इन-रेसिडन्स'. सगळे तिला ईआयआरच म्हणतात. तंत्रज्ञानावर आधारलेला धंदा करू पाहणाऱ्या पदवीधराला महिन्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये मिळतात, साधारण वर्षभर. पैसे इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या धंद्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेमार्फत येतात, ते कर्ज नसतं. अट एवढीच की पूर्ण वेळ द्यायचा. सोबत दुसरी पगारी नोकरी चालत नाही.

हे पैसे यंत्र बनवायला मिळत नाहीत, हे मुलाखतीला येणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ते तुमच्या खोलीभाड्यासाठी, जेवणासाठी, प्रवासासाठी असतात. पहिला नमुना बनवायचा असेल तर त्याच 'निधी'मध्ये 'प्रयास' आहे, तिथे १० लाखांपर्यंत मदत मिळते. कंपनी नोंदवून झालेल्यांसाठी २०२१ मध्ये स्टार्टअप इंडिया सीड फंड ही सरकारी योजनाही सुरू झाली. ईआयआर त्याच्या आधीची पायरी. ज्या वर्षात तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं, त्या वर्षात पोट भरावं म्हणून ती आहे. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात कमी मिळणारी मदत हीच. यंत्राला पैसे देणारे पुष्कळ भेटतात, पण "हा प्रश्न खरा आहे का ते मला आधी बघू दे" म्हणणाऱ्या माणसाला वर्षभर कोण पोसणार?

माझा प्रश्न बेदाण्याचा होता. आमच्या मामांची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे आणि निम्मा माल दरवर्षी बेदाण्यालाच जातो. ज्यांनी बेदाण्याची शेड पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काढलेली द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे सालीवरच्या मेणातून आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग शेडमधल्या रॅकवर, एकावर एक असलेल्या जाळीच्या कप्प्यांत ती पसरतात. बाजूंना हिरवी शेडनेट असते, कारण थेट ऊन लागलं तर बेदाण्याचा हिरवट-पिवळा रंग जातो. वाऱ्यावर वाळायला साधारण दोन आठवडे लागतात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. आणि ऐन मार्च-एप्रिलात, माल रॅकवर असताना, अवकाळी पाऊस येतो. हवेत दमटपणा आला की बेदाणा काळा पडायला लागतो, आणि काळ्या बेदाण्याला सौद्यात काय दर मिळतो ते शेडवाल्याला विचारा.

मी इलेक्ट्रॉनिक्सची. प्रत्येक कप्प्यात सेन्सर लावून माल किती वाळला ते मोबाइलवर दाखवायचं, असं अर्जात लिहिलं होतं. निवड समितीने सर्किटबद्दल फार विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, याला पैसे कोण देणार, आणि त्या माणसाशी तू बोलली आहेस का? निवड झाल्यावर माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "तीन महिने सोल्डरिंग गनला हात लावायचा नाही. शेडवर जाऊन बस."

तर मी जाऊन बसले. तासगावला, कवठेमहांकाळला, पुढे पंढरपूरकडेही. शेडवरच्या बायका कप्प्यात हात घालून एकेक मणी चिमटीत धरतात, हलकेच दाबतात आणि सोडतात. मणी बोटाला चिकटला तर अजून वेळ आहे. दबून परत फुगला आणि बोट कोरडं राहिलं तर तो कप्पा झाडायला तयार. वरचा कप्पा आधी वाळतो, खालचा मागे राहतो, आणि कोपऱ्यातला तर वारा नसेल तर कितीतरी मागे. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. मामांना मी सेन्सरचं सांगितलं तर ते म्हणाले, "वाळलंय का न्हाय ते बोटाला कळतंय की गं. रातचं दमट होणार हाय का, ते सांग. मंग पडदं सोडायचं का ब्लोअर लावायचा, ते बघता येतंय."

पुढचं सगळं काम या एका वाक्यातून निघालं. आज आमचं उपकरण शेडच्या आतली आणि बाहेरची आर्द्रता मोजतं आणि रात्री दमटपणा चढायला लागला की शेडवाल्याला फोन करतं. मेसेज पाठवत नाही, कारण रात्री दोन वाजता मेसेज कोण वाचतं? नोकरी करत शनिवार-रविवारी हे केलं असतं तर जमलं असतं का, असंही विचारतात. नसतं जमलं. बेदाण्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. पाऊस मंगळवारी रात्री आला तर मंगळवारी रात्रीच तिथे असावं लागतं. फेलोशिपने मला ती मंगळवारची रात्र दिली.

आता पैशांचं. पुण्यात दोघींत एक खोली, मेस आणि एसटीचा प्रवास ३० हजारांत बसतो. पण कुठल्याही अनुदानाचे पैसे हप्त्यांनी येतात, कधी मागेपुढे होतात. त्यामुळे दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच सुरुवात करा. घरी पैसे पाठवायचे असतील किंवा शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झाला असेल, तर गणित बसत नाही, हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगते. माझ्यावर कर्ज नव्हतं. पप्पांची नोकरी चालू होती आणि ते म्हणाले, "एक वर्ष आहे ना? कर." हे वाक्य ज्यांच्या घरात बोललं जाऊ शकतं त्यांनाच ही फेलोशिप परवडते, आणि मला ते सलतं. आमच्या वर्गात माझ्यापेक्षा हुशार मुलगा होता. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतात त्यावर त्याच्याकडे खरंच चांगला उपाय होता. वडील नाहीत, धाकटी बहीण शिकतेय. त्याने नोकरी धरली, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. शिष्यवृत्तीची रक्कम वाढवावी, निदान शैक्षणिक कर्जाचे हप्ते त्या वर्षापुरते थांबवायची सोय व्हावी, असं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते आणि बोलत राहीन.

वर्ष संपल्यावर काय, हाही प्रश्न असतो. काही जण 'प्रयास'कडे जातात, काही कंपनी काढतात, काही नोकरीला लागतात. माझ्या बरोबरचे नोकरीला गेले त्यांना मुलाखतीत हे वर्ष आडवं आलं नाही. उलट तिथे त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

अर्ज करायचा असेल तर जवळचं इन्क्युबेटर शोधा. पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, मुंबईला आयआयटीत 'साइन' नावाचं आहे, इतर शहरांतही आहेत. ईआयआरचे अर्ज सध्या कुठे चालू आहेत ते त्यांच्याकडेच विचारा. आणि फॉर्म उघडण्याआधी, ज्यांच्यासाठी वस्तू बनवणार आहात अशा दहा-पंधरा माणसांकडे जाऊन या. ती काय म्हणाली ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. अर्ज लिहून झाला की मला पाठवा, मी वाचून देईन. फक्त फेब्रुवारी ते एप्रिल मी शेडवर असते, तेव्हा उत्तराला दोन दिवस जास्त लागतील.