टॅक्सीखालची कोरडी जागा

शॉट नऊ सेकंदांचा. बॅलार्ड इस्टेटमधला दगडी इमारतींचा रस्ता, पावसाची भुरभुर, कडेच्या स्टँडवर पाच काळ्या-पिवळ्या पद्मिनी, आणि नायिका छत्री मिटून पहिलीत बसते. कथा १९८०च्या दशकातली. पहिली टॅक्सी खरी. मागच्या चार आम्ही कॉम्प्युटरवर उभ्या केलेल्या.

पाच खऱ्या मिळाल्या असत्या तर कुणाला नको होत्या? पण मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून या टॅक्सीची सद्दी संपली. आता शूटिंगला मिळते ती एखाद्याने जिवापाड सांभाळलेली. आमच्या प्रॉडक्शनला अशा एका काकांची एकच गाडी मिळाली, तीही ट्रेलरवर चढवून आणलेली.

एक खरी आणि चार खोट्या एकाच फ्रेममध्ये, यासारखी कठीण परीक्षा नाही. प्रेक्षकाच्या डोळ्याला तुलना करायला अस्सल नमुना आपणच पुढ्यात ठेवलेला असतो.

त्यातून गाडी काळी. काळ्या रंगात गाडीचं स्वतःचं थोडंच दिसतं, बाकी सगळी प्रतिबिंबं. बॉनेटवर ढगाळ आकाश, दारांवर समोरच्या इमारतीच्या कमानी, क्रोमच्या बंपरमध्ये अख्खा रस्ता चेपून बसलेला. म्हणून सेटवर शॉट झाला की लगेच त्या जागेचे चहूबाजूंचे फोटो कमी-जास्त एक्स्पोजरने काढतात आणि ते जोडून एचडीआरआय बनवतात. तिथल्या प्रत्यक्ष उजेडाची ती नोंद असते, आणि खोट्या वस्तूवर तोच उजेड टाकायचा असतो. १९९८ साली पॉल डेबेवेक यांनी ही पद्धत शोधनिबंधात मांडली आणि आमचा सगळा धंदा आजही तिच्यावर उभा आहे. अडचण अशी की हा फोटो एका जागेवरून काढलेला असतो आणि आमच्या चार गाड्या एकीमागे एक लांबवर उभ्या. चौघींच्या दारांवर तीच कमान त्याच जागी दिसली तर सोंग उघडं पडतं. त्यासाठी इमारतींचे साधे ठोकळे बनवून त्यांच्यावर तो फोटो चढवला होता, म्हणजे प्रत्येक गाडीत तिच्या जागेवरून दिसणारी इमारत उमटते. हे काम आमच्या लायटिंगच्या मुलांनी इतकं सुरेख केलं होतं की थांबवलेल्या फ्रेममध्ये पत्रा बघत बसावं.

तरीही दिग्दर्शिका ताई म्हणाल्या, "मागच्या चौघी तरंगतायत गं."

आणि ते खरं होतं. कॅमेरा ट्रॅक, म्हणजे कॅमेऱ्याच्या हालचालीशी गाड्या बांधणं, पक्का होता, चाकं एका पिक्सेलनेही सरकत नव्हती. काळ्याची पातळी पहिल्या गाडीशी जुळत होती, ग्रेन म्हणजे चित्रातला बारीक रवाही. चाकाखालची सावली गडद करून पाहिली तर शाई सांडल्यासारखी दिसू लागली. आमचा सुपरवायझर दादा शेवटी म्हणाला, "स्क्रीनकडे बघून हे सापडणार नाही. गाडीकडे जाऊ."

रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेट जवळजवळ मोकळं असतं. जॉर्ज विटेटच्या आराखड्यातल्या त्या सारख्या उंचीच्या इमारती, बंद कचेऱ्या, वर राखाडी आकाश. काकांनी गाडी शूटिंगच्याच जागी लावून घेतली. मी टेप, कॅमेरा आणि उजेड कसा पडतो ते बघायचा करडा गोळा घेऊन फिरत होते. काका मागच्या सीटवर जाऊन बसले आणि आतूनच म्हणाले, "पोरी, आता चाकाकडे बघ." गाडी मागून एका अंगाला कलली होती. "पाटे जुने आहेत. माणूस बसला की ती सांगते." मग ते उतरले आणि गाडी सावकाश वर आली. मी त्याचा व्हिडिओ घेतला. आमच्या ड्रायव्हरांचं वजन गाड्यांना कळलंच नव्हतं, सगळ्या मोजून समतल उभ्या होत्या. मनात म्हटलं, सापडलं.

पण खरं कारण पुढेच होतं. भुरभुर सुरू झाली. आम्ही आडोशाला थांबलो. रस्ता काळा होत गेला, त्यात इमारती दिसू लागल्या. काकांनी गाडी पुढे घेतली, आणि ती होती तिथे डांबराचा कोरडा, फिकट करडा आयत उरला. कडा थोड्या वेड्यावाकड्या, चाकांपाशी ओल आत शिरलेली.

दादा आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो.

ओला रस्ता आरशासारखा वागतो. त्यावर सावली फारशी टिकत नाही, दिसतं ते प्रतिबिंब. सावली धरतं ते कोरडं डांबर. स्टँडवर आधीपासून उभ्या असलेल्या टॅक्सीखाली पाऊस पोचलेलाच नसतो, म्हणून तिची चाकं सावलीत घट्ट रुतलेली दिसतात आणि त्या अंधाराच्या कडेला एक फिकट रेघ येते. आमच्या चौघी आल्या कॉम्प्युटरवर, पाऊस पडून गेल्यावर. त्यांच्याखाली रस्ता सलग ओला होता. आरशावर ठेवलेली वस्तू तरंगणारच.

स्टुडिओत येऊन प्लेट, म्हणजे सेटवर चित्रित झालेला मूळ शॉट, मोठी करून पाहिली. पहिल्या गाडीखाली ती रेघ सगळ्या फ्रेममध्ये होती. इतके दिवस ती आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आमचं लक्ष पत्र्यावर.

पुढचं काम कष्टाचं होतं, पण वाट स्पष्ट होती. चौघींखाली कोरडे तुकडे रंगवले, काकांकडे काढलेल्या फोटोंवरून कडा मोडल्या, तिथलं प्रतिबिंब कमी करून सावली बसू दिली. ज्या दोन गाड्यांत ड्रायव्हर होते त्या उजव्या अंगाला किंचित बसवल्या. शॉटच्या शेवटी तिसरी टॅक्सी निघून जाते. तिच्यामागे कोरडा आयत उघडा पडतो आणि त्यावर थेंबांचे ठिपके उमटू लागतात. पटकथेत हे कुठेच नव्हतं. दादाने हट्टाने घातलं, आणि या शॉटमधली माझी सगळ्यात आवडती जागा तीच आहे.

ताईंनी शॉट पाहिला, पुन्हा लावायला सांगितला आणि नायिकेच्या छत्रीबद्दल बोलू लागल्या. गाड्यांचा विषय निघालाच नाही. आमच्या कामात याहून मोठी दाद मला माहीत नाही.

सेटवर माहिती घ्यायला जाणाऱ्या मुलांच्या यादीत आता एक ओळ वाढली आहे: गाडी हलवल्यावर तिच्याखालच्या रस्त्याचा फोटो. पुढच्या भागात रात्रीचा प्रसंग आहे आणि पाऊस जोराचा. ओल्या डांबरावर हेडलाइटचा पिवळा पट्टा किती लांबतो हे बघण्यासाठी काकांना पुन्हा बोलावलं आहे.